रक्त ‘पातळ’ करणारी गोळी : उंदराच्या विषापासून हृदयाच्या झडपेपर्यंत

हृदयाची झडप बदललेला माणूस ज्या घरात असतो, त्या घरात रोज संध्याकाळी एक लहानशी गोळी घेतली जाते. घरातील मंडळी तिला ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ म्हणतात. नाव सोयीचे आहे, पण खरे नाही. रक्त म्हणजे काही दूध नव्हे की पाणी घातले आणि पातळ झाले. या गोळीने रक्ताचा दाटपणा तसूभरही कमी होत नाही. कमी होते ती त्याची साकळण्याची, गुठळी धरण्याची घाई. नावातील ही चूक क्षुल्लक वाटेल, परंतु तिच्यामुळे माणसे दगावू शकतात. औषधांच्या दुकानात जाऊन ‘रक्त पातळ व्हायची गोळी द्या’ म्हटले तर दुकानदार ॲस्पिरिनही देऊ शकतो, कारण लोक तिलाही त्याच नावाने ओळखतात. ॲस्पिरिन रक्तातील बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट पेशींना, एकमेकींस चिकटू देत नाही. आपण जिच्याविषयी बोलत आहोत ती गोळी यकृतात काम करते. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

या गोळीचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रांतांत व कॅनडात गुरे एका विचित्र रोगाने मरू लागली. शिंग कापले किंवा खच्चीकरण केले की रक्त थांबत नसे. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने १९२२ च्या सुमारास दाखवून दिले की, दोष बुरशी आलेल्या ‘स्वीट क्लोव्हर’ या चाऱ्याचा आहे. आपल्या लसूणघासाच्याच कुळातले हे गवत. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील एड कार्लसन नावाचा शेतकरी भर हिमवादळात सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकीत मॅडिसनच्या विद्यापीठात आला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न साकळलेले रक्त आणि ढीगभर कुजका चारा. तेथे त्याची गाठ कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाशी पडली. त्या कुजक्या चाऱ्यातून नेमके द्रव्य शोधून काढण्यास लिंक व त्याच्या सहकाऱ्यांना सहा-सात वर्षे लागली. ते द्रव्य म्हणजे डायकुमेरॉल. त्याच कुळातील एक अधिक जालीम संयुग १९४८ मध्ये बाजारात आले, तेही उंदीर मारण्याचे औषध म्हणून! विस्कॉन्सिन ॲल्युमनाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘वॉरफरिन’. १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यातील एका तरुणाने हेच उंदराचे विष खाऊन आत्महत्येचा प्रयत्न केला. ‘के’ जीवनसत्त्व देऊन त्याला वाचविण्यात आले, आणि डॉक्टरांच्या ध्यानात आले की, ज्या विषाला इतका चांगला उतारा आहे ते माणसाला औषध म्हणूनही देता येईल. १९५४ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले.

उंदरांशी असलेले नाते अजूनही तुटलेले नाही. भातखाचरांच्या बांधावर उंदरांसाठी ठेवतात त्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वॉरफरिनच्याच घराण्यातल्या आहेत, फक्त कितीतरी पटींनी टिकाऊ. भारतात वॉरफरिनइतकीच, किंबहुना अनेक ठिकाणी त्याहून अधिक, वापरली जाणारी दुसरी गोळी म्हणजे ॲसिनोकुमेरॉल. जुन्या पाकिटांवर तिला निकोमॅलोन म्हणत. दोघींचे काम एकच, पण वॉरफरिनचा अंमल सावकाश चढतो व सावकाश उतरतो, ॲसिनोकुमेरॉलचा लवकर. म्हणून एकीचे मिलिग्रॅम दुसरीला लावून चालत नाही.

आता ती करते काय? यकृतात रक्त साकळण्यास लागणारी अनेक प्रथिने तयार होतात. त्यांपैकी चार, म्हणजे दुसरे, सातवे, नववे व दहावे घटक, ‘के’ जीवनसत्त्वाशिवाय कामास येत नाहीत. हे जीवनसत्त्व डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी शोधले. ‘के’ हे अक्षर साकळणे या अर्थाच्या ‘कोआगुलेशन’ शब्दाचे, आणि या शोधासाठी डाम यांना एडवर्ड डॉइझी यांच्यासह १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृत हे जीवनसत्त्व एकदा वापरून टाकून देत नाही, पुन्हा पुन्हा ताजे करून घेते. वॉरफरिन हे ताजे करण्याचे कामच अडविते. परिणामी घटक तयार होतात पण अर्धेमुर्धे, जणू दात नसलेल्या किल्ल्या.

येथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचे बरेच नियम आपोआप कळतात. गोळी नवे घटक बनू देत नाही, पण जे आधीच रक्तात फिरत आहेत त्यांना हात लावीत नाही. सातवा घटक सुमारे सहा तासांत निम्मा होतो, दुसऱ्याला त्यासाठी अडीच दिवस लागतात. म्हणून आज बदललेल्या मात्रेचा खरा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो. सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची चाचणी ‘छान’ दिसते ती केवळ सातवा घटक घटल्यामुळे. गुठळीपासून खरे संरक्षण अजून आलेले नसते. ताजी गुठळी असलेल्या रोग्याला म्हणून पहिले पाच दिवस तरी हेपॅरिनचे इंजेक्शन सोबत द्यावे लागते. ज्यांना रोज चाचणी करून रोज मात्रा बदलण्याचा उत्साह असतो, ते पंख्याचा रेग्युलेटर सारखा फिरविणाऱ्या मुलासारखे असतात. पाती आपल्या गतीनेच फिरणार.

चाचणीचे नाव प्रॉथ्रॉम्बिन टाइम. आर्मंड क्विक यांनी ती १९३५ मध्ये मांडली. रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन व कॅल्शियम घालावयाचे आणि साकळण्यास किती सेकंद लागतात ते मोजावयाचे. घोटाळा असा की, थ्रॉम्बोप्लास्टिन निरनिराळ्या ठिकाणचे निरनिराळ्या तिखटपणाचे. त्यामुळे एकच रक्त एका प्रयोगशाळेत २० सेकंद तर दुसरीत ३० सेकंद! जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये यावर तोडगा काढला, तो म्हणजे आय.एन.आर. रोग्याच्या सेकंदांना निरोगी माणसांच्या सेकंदांनी भागावयाचे, आणि येणाऱ्या गुणोत्तराचा घात घ्यावयाचा; घातांक असतो त्या थ्रॉम्बोप्लास्टिनचा संवेदनांक. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे. रोगी २४ सेकंद, निरोगी १२ सेकंद, गुणोत्तर २. संवेदनांक १ असेल तर आय.एन.आर. २.०, पण तो १.५ असेल तर २ चा १.५ वा घात, म्हणजे सुमारे २.८. सेकंद तेच, अर्थ निराळा. म्हणून अहवालावरील सेकंद पाहून कोणी मात्रा सांगू लागला तर त्याला थांबवावे.

रक्त घेतानाही चूक होते. ही चाचणी निळ्या टोपणाच्या सायट्रेट असलेल्या नळीतच करावयाची, आणि नळी खुणेपर्यंत भरली पाहिजे. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. शीर सापडेना म्हणून नळी अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होते, आकडा खोटाच वर जातो, आणि नीट चाललेल्या माणसाची गोळी विनाकारण बंद होते.

निरोगी माणसाचा आय.एन.आर. १ च्या आसपास असतो. पायातील खोल शिरेत गुठळी झालेल्यांना किंवा हृदयाचे ठोके कायम अनियमित असणाऱ्यांना तो २ ते ३ मध्ये ठेवतात. महारोहिणीच्या जागी नवी धातूची झडप असेल तर बहुधा २ ते ३, आणि द्विदल म्हणजे मायट्रल झडपेच्या जागी असेल तर साधारण २.५ ते ३.५. दोहोंच्या मधली ही पट्टी अरुंद आहे. खाली घसरले तर गुठळी, वर चढले तर रक्तस्राव.

आपल्या देशात हा प्रश्न पाश्चात्त्यांहून वेगळा आहे तो वयामुळे. तिकडे ही गोळी घेणारा बहुधा सत्तरीचा म्हातारा असतो. आपल्याकडे ती पंचविशीतल्या तरुणाच्या खिशात सापडते. लहानपणी घशाचा संसर्ग, त्यातून संधिज्वर, त्यातून खराब झालेली झडप, हा मार्ग गरिबीचा व दाटीच्या वस्तीचा आहे. अशा रोग्यांसाठी परदेशी झडप परवडेना, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप तयार केली. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रोग्याला बसविली गेली आणि त्यानंतर लाखाहून अधिक रोग्यांना मिळाली. झडप स्वस्त झाली ही मोठीच गोष्ट. परंतु धातूची झडप म्हणजे जन्मभराची गोळी, आणि गोळी म्हणजे जन्मभराची चाचणी. ऑपरेशन एका दिवसाचे असते. ही दुसरी गोष्ट रोजची.

दादरा नगर हवेलीत सिल्वासाला लागून असलेले सामरवरणी घ्या. कारखान्यांमुळे वाढलेले गाव. मूळची वारली, कोकणा, धोडिया वस्ती, त्यात महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, उत्तरेकडून आलेले कामगार. समजा, येथल्या सूत काढण्याच्या कारखान्यात काम करणारा एखादा तरुण आहे; झडप मुंबईला किंवा अहमदाबादला बसविलेली. रक्ताची चाचणी आता सिल्वासातच होऊ शकते. २०१९ पासून तेथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तेव्हा अडचण चाचणीची फारशी नाही. अडचण आहे ती आकडा कोणी वाचावयाचा आणि मात्रा कोणी ठरवावयाची याची. ऑपरेशन करणारा डॉक्टर दूरच्या शहरात, पाळी रात्रीची, आणि चिठ्ठी इंग्रजीत. घरात वारली, गुजराती, मराठी किंवा कानडी. आपल्या या अंकाची काही पाने मराठीत आणि काही कानडीत असतात ती वाचणाऱ्यांच्या सोयीसाठीच. मग ज्या चिठ्ठीवर जीव अवलंबून आहे ती तरी घरच्या भाषेत का असू नये? बहुतेक घरांत ती वाचून दाखविणारा असतो तो कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी. हा लेख म्हणून येथे लिहिला आहे.

अशा घराने एक वही ठेवावी. ब्रिटनमध्ये रोग्याला पिवळी पुस्तिका देतात, आणि तेथील रुग्णसुरक्षा संस्थेने २००७ मध्ये या गोळ्यांविषयी देशभर सूचना काढताना तिच्यावर बराच भर दिला होता. आपल्याकडे शंभरपानी वही पुरे. तारीख, आय.एन.आर., रोजची मात्रा, आणि आठवड्याची एकूण मात्रा. ही शेवटची बेरीज फार उपयोगी. ‘एक दिवस २, एक दिवस ३’ अशी मात्रा ऐकायला गोंधळाची, पण आठवड्याला १७ किंवा १८ मिलिग्रॅम म्हटले की स्पष्ट होते. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर डॉक्टर आठवड्याच्या बेरजेत साधारण ५ ते २० टक्के फरक करतात, एकदम निम्मी किंवा दुप्पट करीत नाहीत. गोळ्यांच्या रंगावर मात्र विसंबू नये. ब्रिटनमध्ये वॉरफरिनची १ मिलिग्रॅमची गोळी तपकिरी, ३ ची निळी, ५ ची गुलाबी असे ठरलेले आहे. आपल्याकडे कंपनी बदलली की रंग बदलतो. पाकिटावरील मिलिग्रॅम वाचावेत, आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तर पुन्हा वाचावेत. संध्याकाळची गोळी विसरली व त्याच रात्री आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यावी व वहीत लिहावे. दोन एकदम घेऊ नयेत.

खाण्याविषयी जितके गैरसमज आहेत तितके कशाविषयीच नसतील. पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर, तेव्हा पालेभाज्या बंद, असा हुकूम कित्येक रोग्यांना मिळतो. हे बरोबर नाही. औषधाची मात्रा खाण्याला जुळवून घ्यावयाची असते. रोज थोडी मेथी, पालक, शेवग्याचा पाला खाणाऱ्याने खातच राहावे. त्रास होतो तो एकाएकी बदलाने. पहिल्या पावसानंतर या भागात टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या निघतात व महिनाभर रोजच्या ताटात येतात. उन्हाळाभर हिरवे पान न खाल्लेल्या माणसाचा आय.एन.आर. तेव्हा खाली येऊ शकतो. उलट श्रावणात, नवरात्रात किंवा रमजानमध्ये खाणे घटले, जुलाब लागले, ताप आला, की तो वर जाऊ शकतो. हंगाम बदलला की एक चाचणी जास्त करावी, एवढाच त्याचा अर्थ. दारूचेही तसेच. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आणि येथे दुकाने उघडी, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी काय होते ते सांगावयास नको. एका बैठकीतील पुष्कळ दारू आकडा वर नेते, दारू पिऊन पडणे हा धोका वेगळाच, आणि झिंगेत गोळी विसरली जाते ती निराळी.

परंतु अन्नापेक्षा कितीतरी अधिक धोका दुसऱ्या औषधांचा. जुलाबासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, गजकर्णासाठीचे फ्लुकोनॅझोल, काही प्रतिजैविके, इतकेच काय तोंड आल्यावर लावण्याचे मायकोनॅझोलचे जेलसुद्धा, आय.एन.आर. चार-पाच दिवसांत धोक्याच्या पलीकडे नेऊ शकते. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले तर आकडा फारसा हलत नाही, पण पोटात व्रण होऊन रक्त जाते. आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहणारा फसतो. दुखणे असले तर पॅरासिटॅमॉल बरे, तेही दिवसेंदिवस भरपूर नको. सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत वेदनाशामके मिसळलेली सापडली आहेत, तेव्हा ‘ती आयुर्वेदिक आहे’ या वाक्यावर भरवसा ठेवू नये.

यांत सर्वांत फसवे औषध म्हणजे क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन. ते यकृताला औषधे झपाट्याने मोडून काढावयास लावते, म्हणून ते सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत रोग्याचा आय.एन.आर. कोसळतो आणि गोळीची मात्रा दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही अधिक वाढवावी लागते. सहा महिने असे रेटल्यावर क्षयाचे औषध संपते. घरात आनंद होतो, आणि नेमका तेव्हाच धोका असतो. यकृत हळूहळू पूर्वपदावर येते, वाढविलेली मात्रा मात्र तशीच चालू राहते, आणि तीन-चार आठवड्यांत आय.एन.आर. भडकतो. क्षयरोगाचा दवाखाना व हृदयरोगाचा दवाखाना एकमेकांशी बोलत नाहीत; दोहोंतील निरोप घरच्यांनाच पोचवावा लागतो. क्षयाचे औषध सुरू होताना व संपताना दर आठवड्याला चाचणी करावी.

आपल्या लोकांना सुई टोचून घेतल्याशिवाय बरे वाटत नाही. या गोळीवरील माणसाने ताप आला म्हणून कमरेत सुई घेऊ नये. स्नायूच्या आत रक्त साचून मोठी गाठ होते. अपवाद एक आहे, आणि तो चमत्कारिक आहे. संधिज्वर पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी देतात ते पेनिसिलिन स्नायूतच द्यावे लागते, आणि ते चुकविणेही धोक्याचे. ते चालू ठेवावयाचे की त्याऐवजी पेनिसिलिनच्या गोळ्या द्यावयाच्या, हे हृद्रोगतज्ज्ञाने आय.एन.आर. पाहून ठरवावे, कंपाउंडरने नव्हे.

दात काढावयाचा म्हणून आठवडाभर गोळी बंद करणे हा आणखी एक प्रघात. आकडा पट्टीत असेल तर साधा दात गोळी न थांबविता काढता येतो. जागा दाबून धरणे, टाका घालणे, ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या चुळा यांनी रक्त थांबते. हिरडीतून रक्त आले तर ते दिसते व दाबता येते. गोळी बंद असताना झडपेवर बसलेली गुठळी दिसत नाही. धातूच्या झडपेची टिकटिक रात्रीच्या शांततेत रोग्याला स्वतःला ऐकू येते. ती एकाएकी मंदावली, सोबत धाप लागू लागली, तर सकाळची वाट पाहू नये.

रक्तस्रावाची चिन्हे घरातील सर्वांना ठाऊक असावीत : डांबरासारखे काळे शौच, लाल लघवी, पंधरा मिनिटे दाबूनही न थांबणारा घोळणा, विनाकारण उठणारे काळेनिळे डाग, मासिक पाळीत नेहमीपेक्षा फार जास्त रक्त. डोक्याला मार लागला तर माणूस हसतबोलत असला तरी इस्पितळात न्यावे. कवटीच्या आत रक्त सावकाश साचते. मोटारसायकलवरून कामावर जाणाऱ्याच्या खिशात म्हणूनच औषधाचे नाव लिहिलेले कार्ड हवे. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त साकळते की नाही हे पाहण्यासाठी काचेच्या नळीत वीस मिनिटे रक्त ठेवण्याची पद्धत ग्रामीण डॉक्टरांच्या परिचयाची आहे. कोणी तीच पद्धत येथे वापरू पाहील, पण आय.एन.आर. ३ असलेले रक्तही त्या नळीत बहुधा साकळते, तेव्हा ती या कामाची नाही.

तरुण स्त्रियांचा प्रश्न सर्वांत नाजूक. गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत या गोळ्यांनी बाळाच्या हाडांत व नाकात दोष निर्माण होऊ शकतात. उलट घाबरून गोळी सोडली तर आईची झडप बंद पडू शकते. हेपॅरिन कधी, गोळी कधी, हे गर्भ राहण्यापूर्वीच ठरविले तर निभावते. लग्न ठरताना हे झाकून ठेवण्याची रीत आहे, आणि त्याचे परिणाम पाळी चुकल्यावर दिसतात.

अलीकडे डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान अशी नवी औषधे आली आहेत. २०१० च्या आसपासची ही पिढी. त्यांना आय.एन.आर. लागत नाही, खाण्याचे पथ्य जवळजवळ नाही, मूत्रपिंडाचे काम मात्र अधूनमधून तपासावे लागते. मग सगळ्यांना हीच का देऊ नयेत? धातूच्या झडपांवर डाबिगाट्रान वापरून पाहिले तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, आणि तो अभ्यास थांबवावा लागला. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. संधिज्वराने झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रोग्यांवर, ज्यांत भारतातीलही होते, रिव्हारोक्साबानची तुलना जुन्या गोळ्यांशी केली गेली. २०२२ चा तो निकाल अनेकांना अनपेक्षित होता : जुन्या गोळीवरील रोगी कमी दगावले. तेव्हा सामरवरणीच्या त्या तरुणासाठी उत्तर अजून तीच जुनी गोळी आहे. शेजाऱ्याच्या वडिलांना ‘चाचणी न लागणारी’ गोळी मिळाली म्हणून त्याने ती मागू नये. आकडा स्थिरावेपर्यंत दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा चाचणी. पगाराच्या दिवशीच निळ्या टोपणाची नळी भरून यावी, म्हणजे तारीख विसरत नाही.